शालिकचा रिकामा ठोका

अमरावतीपासून अकोल्यापर्यंत वरातीत जो रिकामा ठोका वाजते, तो माह्यामुळे पैदा झाला. म्हनजे झालं असं, का तू उपाशीपोटी रस्त्यावर बसून होता अन् मी गोठ्यामांगं जाऊन जेवून राहिलो होतो.

हे मी आजवर लोकायले अर्धंच सांगत आलो, शालिक. राजापेठेतल्या चहाच्या टपरीवर पहिलं वाक्य मोठ्यानं सांगो अन् दुसरं चहासंग गिळून टाको. तू बाजूले बसून बशीतला चहा फुर्र करून प्ये अन् काहीच बोले ना. तुह्या त्या चूप राह्यन्यानं माही वीस वर्षाची झोप उडाली, असं म्हनाले बरं दिसलं असतं. पन खोटं कायले बोलू? मी झोपलो. मले कोठीही झोप लागते. विहारात वंदना चालू असतानाही लागली होती, तवा तूच कोपरानं ढोसलं होतं.

तू गेला त्याले पंधरा दिवस झाले. कसा गेला, कोन्या दवाखान्यात गेला, हे पेपरात आलं, ते मी पुन्हा कायले सांगू. तिसरीत मास्तरनं मले दोनदा बसवलं, तिसऱ्यांदा मीच बसलो नाही. म्हनून मी बोलून राहिलो अन् माही पोरगी सुजाता लिहून राहिली. मधामधात ती पेन थांबवते. "बाबा, हे लिहू का खरंच?" मी म्हनतो, लिह. तुह्या शालिककाकाले बंदं माहीत आहे.

बंदं माहीत होतं का नव्हतं, तेच तं सांगाचं आहे.

ज्यायनं तुले आयकलं नाही त्यायच्यासाठी पह्यले ठोका सांगतो. आमी बँडवाले. चार ठोक्याची चाल, लहान लेकरालेही समजते. पह्यला ठोका सगळ्यात जड, पायानं मारलेला, धड्डाम. त्याच्यावरच नाचनाऱ्याचा पाय पडते. तू तोच ठोका गाळला. धड्डामच्या जागी काहीच नाही. मानूस पाय उचलते, ठोक्याची वाट पाह्यते, ठोका येत नाही, अन् त्याचा पाय सोताच धरतीवर आदळते. म्हनजे तू ढोल नाही वाजवला, तू रस्ता वाजवला. हे वाक्य माहं नाही, ट्यूशनवाल्या सरांचं आहे. माहं वाक्य एवढंच आहे, का मी खुळखुळा वाजवतो.

खुळखुळा बँडमध्ये कोनाले देते? ज्याले काहीच येत नाही त्याले. तरी मले वाटे, बँड माह्यावर चालते. पह्यले पह्यले मी फार चुको. मंग एका वर्षी मले वाटलं, मी सुधरलो, आता चूक आयकूच येत नाही. लय वर्षानं एक दिवस खुळखुळा फुटला, तवा समजलं, का तू त्याच्यातले अर्धे दाने काढून टाकले होते. मी भांडाले आलो. तू म्हनला, "चूक तुही नाही बे, दान्यायची होती. म्हनून त्यायलेच काढलं."

असा होता तू. मानूस नाही काढला, दाने काढले.

तुले ते कॅसेट आठवते का? इतवाऱ्यातल्या भंगारवाल्याजोळ भेटलं होतं. आपन गेलो होतो जुनी थाळी पाह्याले, जे ढोलावर लावते ते. कॅसेटच्या खोक्यावर एक काळा मानूस जाझच्या मांगं बसून हसून राहिला होता. आमी बँडवाले त्या पूर्ऱ्या सेटलेच जाझ म्हनतो, पायाचा मोठा ढोल, हातापाशी तीन लहाने, वरून थाळ्या. मी म्हनलं, "हा तं आपल्या परतवाड्याच्या मामासारखा दिसते." तू म्हनला, "मामा एवढा हसत नाही." अन् घेतलं.

ते कॅसेट तू घासून घासून वाजवलं. फीत बाहेर येये, तू पेन्सिलनं गुंडाळे, पुन्हा लावे. एक दिवस मले म्हनला, "आयक सुख्या. ह्याचा पाय एक बोलते अन् हात दुसरंच बोलते, तरी दोघायचं भांडन होत नाही." मले काही आयकू नाही आलं. मले वाटलं कोनीतरी भांडे पाडून राहिलं. पन मी मान हालवली. मान हालवन्यात मी पक्का होतो.

मंग तू ते खोकं घेऊन सरांकडे गेला. आपल्या बँडच्या शटरच्या वरच त्यायचे क्लास. त्यायनं बारीक अक्षर वाचून सांगितलं, का हा अमेरिकेतला मानूस, जाझ वाजवन्याची रीतच ह्यानं पालटून टाकली. अन् जथी त्याच्या लोकायले समोरच्या दारानं घेत नव्हते, तथी हा वाजवाले जाये नाही, कितीही मोठी जागा असो.

तू इचारलं, "सर, जेवाले कोठी देत होते त्याले?"

सर म्हनले, "ते नाही लिहिलेलं."

तू खोकं वापस घेतलं. पायऱ्या उतरताना म्हनला, "मांगच देत असतीन."

मले तवा समजलं नाही. मी म्हनलं, मांग असो का समोर, जेवन गरम असलं म्हनजे झालं. तू माह्याकडे पाह्यलं, जसं मास्तर पाहे.

तुह्या बाबायचं सांगतो. वलगावात त्यायच्यासारखं डफडं कोनी वाजवे नाही, असं जुने लोक म्हनते. गावचं लगन, गावचं मयत, पाटलाच्या दारातलं काही, बोलावनं आलं का जा लागे. धम्म घेतला त्या वर्षी त्यायनं ढोरं ओढनं सोडलं अन् डफडं हिरीत फेकलं. घरात वाजनारी कोनतीच वस्तू नको, असा त्यायचा कायदा. ताटावर चमचा वाजला तरी डोळे मोठे करत. त्यायच्या घरात तू जाझ आनला. बाबा दारात उभे राह्यले. तू वाजवत होता अन् त्यायनं एकदम ओळखलं.

"हे तं डफडं आहे."

"हो बाबा."

"मी हिरीत फेकलं होतं."

"तुमी कातडं फेकलं बाबा. हात कोठी फेकले?"

मी दोघायच्या मधात उभा होतो. मले वाटलं आता कानाखाली बसते, तुह्या नाहीतं माह्या. बाबा दारातूनच मांगं फिरले. त्या दिवशी ते जेवले बी नाही. दुसऱ्या दिवशी म्हनले, "दुसऱ्याच्या हुकमानं वाजवशीन तं त्याच हिरीत तुलेही फेकीन." तू म्हनला, "नाही वाजवनार." माह्या मतानं तुह्या सगळ्या भांडनायचं मूळ तथीच आहे. मंग जयंतीच्या मिरवनुकीत बाबा कोपऱ्यावर काठी धरून उभे होते, तोंड वाकडं करून. पन काठीवरचे चार बोटं हालून राहिले होते. मी तुले बोट दाखवून सांगितलं. तू पाह्यलं नाही. पाह्यलं असतं तं तुह्या हातून ठोका सुटला असता, हे मले आता समजते.

तवापर्यंत जाझ म्हनजे स्टेजवरचा. आर्केस्ट्रात, खुर्चीवर बसून. वरातीत नुसते गळ्यातले ढोल. तू म्हनला, जाझ रस्त्यावर चालला पाह्यजे. लोक हसले. तू संत्रेवाल्याची जुनी हातगाडी घेतली, तिच्यावर जाझ नटबोल्टानं आवळला, अन् सोता मधात बसला राजासारखा. मागून ढकलाले दोघं, अन् ब्रेक म्हनून मी. ब्रेक म्हनजे मागून दोरी धरून राहाचं. पह्यल्याच वरातीत वलगावच्या नदीकडच्या उतारावर मले माशी चावली. मी दोरी सोडली. तू, जाझ, गाडी, तिघंही नवरदेवाच्या घोडीच्या पुढे निघून गेले. पन तू वाजवनं थांबवलं नाही, शालिक! उतारावरून वाजवत वाजवतच गेला अन् बाभळीले लागून थांबला. लोकायले वाटलं असाच कार्यक्रम आहे. पुढच्या लगनवाल्यानं इचारलं, "ते गाडी पळवाचं आमच्या अथीबी करान का?"

आता येतो मी हिवरखेडवर. सुजाता म्हनते, "बाबा, तुमी कवापासून येऊन राहिले हिवरखेडवर." येतो ना. मले पोचाले टाइम लागते.

बँडवाल्याले कसं जेवाले देत होते, हे आताच्या पोट्ट्यायले सांगितलं तं खरं वाटत नाही. बंद्या पंगती उठल्या, वऱ्हाड जेवलं, वाढपी जेवले, का मंग मंडपामांगं, गोठ्याजोळ, उकिरड्याजोळ, जथी जागा असन तथी. उरलेलं. लाल कोट, सोनेरी दोऱ्या, डोक्यावर तुरा, अन् शेनाजोळ बसून वरन-भात. कोनाची जात कोनती, हे कोनी इचारे नाही. बँडवाला म्हनलं का ठरलेलंच. तू बँड हाती घेतला तवा दोन गोष्टी सांगितल्या. पह्यले जेवन, मंग बाजा. अन् जेवन पंगतीत, सगळ्यायच्या बरोबर. सुपारी घेतानाच तू हे बोलून घे. कितीक लगनं हातची गेली. माही बायको म्हने, "तुमचा शालिक जेवनावरून उपाशी मारीन आपल्याले."

हिवरखेडवाले सुपारी देताना 'हो' म्हनले होते. चांगले मोठ्या खटल्याचे, भरल्या घरचे लोक, काळी कसदार जमीन. आमी पहाटेपासून टेम्पोत निंघालेलो, पोचलो तं ऊन डोक्यावर. अन् तथी नवरीचा काका म्हनला, "बँडवाल्यायचे ताटं गोठ्याकडे. पंगती उठल्या का या."

तू म्हनला, "काकाजी, बोलनं झालं होतं."

"कोनाशी झालं? मी नव्हतो त्या बोलन्यात."

"मंग आमी बसतो."

"कोठी बसता?"

तू गाडीवरून उतरला, काड्या कोटाच्या खिशात घातल्या, अन् घोडीसमोर रस्त्यावर मांडी घालून बसला. मांगं पूर्रा बँड बसला. ट्रंपेटवाला वामन, ढोलवाले, भोंगेवाले, सगळे. कोनी घोषना देल्ली नाही, कोनी शिवी देल्ली नाही. लाल कोटाची रांग रस्त्यावर. घोडीवर नवरदेव घामानं भिजून राहिला. मुहूर्त जवळ आला. मंडपातले म्हातारे बाहेर येऊन पाहाले लागले. एक बाई मोठ्यानं बोलली, "बसू द्या ना पंगतीत, काय खाऊन जातीन जास्तीचं?" काकाचा चेहरा पडाले लागला होता. शालिक, अर्धा घंटा अजून, अन् आपन जिंकलो असतो. हे मी तवाच पाह्यलं होतं. पाह्यलं होतं अन् तरी उठलो.

मुताले जातो म्हनून उठलो. खरं होतं ते. पन वापस येताना गोठ्याजोळून वरनाच्या फोडनीचा वास आला. तथी एक म्हातारी वाढत होती. म्हनली, "बस बाबा, चेहरा पाह्य कसा सुकला." मी म्हनलं, दोनच घास. कोन पाह्यते. अन् मंग मले काका दिसला. त्यानं माह्या हाताले धरून, हातात ताट तसंच, मले रस्त्यावर आनलं, सगळ्यायसमोर.

"हा पाहा! तुमचाच मानूस जेवून राहिला गोठ्याजोळ. त्याले चालते, तुमाले कायची मोठाई?"

लोक हसले. मीही हसलो. मले दुसरं काय येते? हातात ताट, मिशीले वरन, डोक्यावर तुरा.

तू माह्याकडे पाह्यलं नाही. उठला, गाडीवर चढला, काड्या काढल्या. चार बोटं दाखवून चालीचा इशारा देल्ला. वामननं ट्रंपेट लावलं. अन् तुहा पाय पडलाच नाही. पह्यला ठोका रिकामा. मले वाटलं पायडल अडकलं. पुन्हा पह्यला ठोका, पुन्हा रिकामा. पूर्री वरात तू तशी वाजवली. जोर नाही, राग नाही, सगळं बरोबर, फक्त ज्याच्यावर लगन नाचते तो ठोका नाही. पोट्टे आंधी अडखळले. मंग त्यायचे पाय आपोआप आदळाले लागले, अन् ते असे नाचले का धुळीनं घोडी दिसे ना. काकाही नाचला. त्या मूर्खाले समजलंच नाही का तू त्याले काय नाही देल्लं ते.

वापस येताना टेम्पोत मी सगळ्यात मांगं बसलो. वामन बोलला, "काय गोठ्याचे पाहुने, झालं का पोट?" तवापासून वीसेक वर्षं त्यानं मले त्याच नावानं हाक मारली. लगनात, मयतात, माह्या पोरीच्या साखरपुड्यात. तू कधीच नाही मारली. मी वाट पाहत होतो का तू एक शिवी देशीन अन् मोकळा करशीन. तू दुसऱ्या दिवशी मले सकाळी बोलावलं अन् म्हनला, "खुळखुळा घे. तो रिकामा ठोका पुन्हा पाहू." बस.

त्या ठोक्याचं पुढं काय झालं हे साऱ्यायले माहीत आहे. जथी बँडले पंगतीत घेतलं नाही तथी तू रिकामा ठोका वाजवे. हळूहळू दुसरे बँडवाले शिकले, मुर्तिजापूरचे, दर्यापूरचे, अकोल्याचे. मंग गावोगावी लोक वरात आयकूनच वळखाले लागले. "ह्यायनं बँडले जेवू नाही घातलं वाटते." बाया घरातून वाकून पाहे. शिवी नाही, बोर्ड नाही, भाषन नाही, अन् पूर्ऱ्या गावात माहिती. लोक भ्याले. पंगतीत ताटं वाढाले लागले. आज माह्या लाल कोटावर जर वरन सांडते, तं ते पंगतीत सांडते, हे तुहं काम आहे. सरकारी कागदावर हे कोठी लिहिलं नाही. म्हनून लिहून राहिलो. म्हनजे सुजाता लिहून राहिली.

पन त्या ठोक्याले तू एक तिसरा कायदा लावून ठेवला होता. भरल्या पोटानं तो वाजवाचा नाही. अन् अथी आपलं वाजलं.

अकोल्याचं ते लगन. दालमिलवाल्याचं. आपल्याले मधल्या पंगतीत बसवलं, नवरीचा बाप सोता तूप वाढाले आला. मी तीनदा घेतलं. मंग तो हात जोडून म्हनला, "शालिकभाऊ, एकच इच्छा आहे. तुमचा तो रिकामा ठोका. पोट्टे थांबून राहिले त्याच्यासाठी."

तू म्हनला, "नाही जमनार दादा. तुमी जेवू घातलं."

"म्हनजे?"

"जेवलेल्या पोटानं तो वाजत नाही."

तो मानूस बिचारा गोंधळला. "मंग जेवू नसतं घातलं तं वाजवला असता?"

"हो."

"अरे मंग आंधी सांगाचं ना! नसतं घातलं!"

मी एवढा हसलो का तूप नाकात गेलं. तू हसला नाही. तू साधी चाल वाजवली, चांगली वाजवली, पन पोट्टे नाराज झाले. बसस्टँडवर मी तुह्यावर चिडलो. म्हनलं, लोकायले जे आवडते ते तू देत नाही, डीजेवाले आपला ठोका चोरून वाजवून राहिले, अन् आपन कायदे पाळून राहिलो. राग कवापर्यंत धरून ठेवशीन? आता त्याच्यात नाचू दे ना लोकायले सुखानं. तू म्हनला, "ज्या दिवशी तो नुसता नाचाचा होईन त्या दिवशी गोठ्याजोळचे ताटं वापस येतीन." मी म्हनलं, येत नाही बे, जमाना गेला तो. तू म्हनला, "कोठी गेला?"

मले आजही वाटते का थोडं माहं बरोबर होतं. सुजाताही म्हनते का थोडं बाबाचं बरोबर आहे. ते भांडन तसंच राह्यलं. कोन जिंकलं हे ठरवाले तू पाह्यजे होता.

मंग तू एकदम माह्याकडे वळला अन् म्हनला, "सुख्या, तुले हिवरखेड आठवते का?"

वीसेक वर्षात पह्यल्यांदा. मले वाटलं, आता काढलंच शेवटी! भर बसस्टँडवर, लोकायसमोर, एवढ्या वर्षानं. मी म्हनलं, "आठवते. आता तूही म्हन गोठ्याचा पाहुना." अन् मोर्शीच्या गाडीत जाऊन बसलो. मले मोर्शीले जाचंच नव्हतं. तोंड वाकडं करून खिडकीत बसलो तं गाडी निंघाली. तू खालून हात करून काहीतरी सांगत होता. मले वाटलं माफी मागून राहिला. तू सांगत असशीन का गाडी चुकली बयताडा.

चार महिने आपन बोललो नाही. चहा मात्र एकाच टपरीवर, एकाच बाकड्यावर, पाठीले पाठ लावून. टपरीवाला म्हने, "दोन कप देऊ का एक बाकडं मोडू?" मी तुही चहाची फुर्र आयको अन् मनात म्हनो, उद्या बोलीन. एक दिवस पाठ लागली नाही. मी मांगं टेकाले गेलो अन् सरळ उताना पडलो. लोक हसले. मीही हसलो. मंग टपरीवाल्यानं सांगितलं का रात्री तुले दवाखान्यात नेलं.

काल वलगावात विहारासमोर तुह्या पुन्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. अमरावतीचे आले, अकोल्याचे आले, बँडवाल्यायचे सात-आठ टेम्पो. भंतेजींची वंदना झाली, सर बोलले, चांगले बोलले. तुही गाडी मधात उभी, तुह्या काड्या तिच्यावर. वामन म्हनला, "एकदा रिकामा ठोका वाजवू. शालिकले सलामी." सगळे हो म्हनले. पोट्टे म्हनले, "जेवून घेऊ अन् वाजवू." अन् शालिक, माह्या तोंडातून निंघालं, "जेवून नाही वाजत तो."

सगळे माह्याकडे पाहाले लागले. मी! वामन म्हनला, "वा! कोन बोलून राहिलं पाहा." मी म्हनलं, "घरचं कार्य आहे. घरचे मांगून जेवते. आंधी पाहुने, मंग गावचे, मंग आपन. तवापर्यंत कोनी काहीच खाचं नाही अन् मंग वाजवाचं." आजवर आपल्याले दुसऱ्यायनं मांगून जेवाले लावलं, काल आपन आपल्या मनानं मांगं राह्यलो. तुले फरक सांगाची गरज नाही. मले समजाले एवढे वर्षं लागले.

चार पंगती उठल्या. वांग्याच्या भाजीचा वास, बुंदीचा वास. दुपार उलटून गेली. माह्या पोटात सगळे ढोल वाजून राहिले होते. दोनदा मुताले गेलो, दोन्ही टाइम रांधनाकडे न पाह्यता वापस आलो. सुजाता मांगं येऊन पाहून गेली का मी खाऊन तं नाही राहिलो. सोताची पोरगी! मंग आमी वाजवलं. तुह्या जागेवर कोनीच बसलं नाही. नुसते गळ्यातले ढोल, ट्रंपेट, भोंगे. अन् पह्यला ठोका आला, म्हनजे आला नाही, अन् पूर्ऱ्या वलगावचा पाय एकदम खाली पडला. म्हाताऱ्या बायायचा, पाहुन्यायचा, सगळ्यायचा. धड्डाम. तू आयकलं असशीन तं बरं. माहा खुळखुळा मी वाजवलाच नाही, हातात धरून उभा होतो. कोनाले समजलं नाही. तुह्या दान्यायची किरपा.

मंग शेवटच्या पंगतीचे ताटं. तुह्या घरच्या शांतावहिनी सोता वाढाले उभ्या होत्या. मी ताट घेऊन त्यायच्यासमोर गेलो अन् मले राह्यलं गेलं नाही. म्हनलं, "वहिनी, हिवरखेडले शालिक हारला तो माह्यामुळे. मी जेवलो होतो. त्याले एकदाही माफ कर म्हनलो नाही. अकोल्याले त्यानं इषय काढला तं मी पळून गेलो, मोर्शीले."

वहिनीच्या हातात वरनाचा डाव. त्या म्हनल्या, "माफी तुमी नाही, तेच मागनार होते भाऊजी. चार महिने मले म्हनत, सुख्याले सांगाचं राह्यलं. तुमच्या आंधी वामनभाऊ जेवून आले होते गोठ्यावर. ह्यायनं पाह्यलं होतं."

मी मांगं वळून पाह्यलं. वामन रांगेत उभा, ताटात पाहून राहिला.

"मंग शालिक बोलला कावून नाही?"

"म्हनत, वामनचं नाव घेतलं असतं तं तो त्याच दिवशी बँड सोडून गेला असता. सुख्या हसून नेते. म्हनून त्याच्या एकट्याच्या आंगावर राहू देल्लं, अन् ते चुकलं माहं, असं म्हनत."

वीसेक वर्षं, शालिक. मले राग याले पाह्यजे होता. आला बी असन. पन डोळ्यात पानी अन् छाती अशी फुगली, का कोटाचं एक बटन निंघालं. मी म्हनलं, "म्हनजे वहिनी, आपला बँड टिकला तो माह्यामुळे!"

वहिनीनं माह्या भातावर एक डाव वरन टाकलं.

"बँड कायचा टिकते तुमच्यानं? वामनभाऊ एकदाच वाढून घेऊन गुपचूप वापस आले. तुमी दुसऱ्यांदा वरन मागाले थांबले, म्हनून सापडले. सरका आता पुढं, मांगं वामनभाऊ ताट घेऊन उभे आहेत."